मी छपराच्या बाजूचा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, निसर्गाशी माझं वैयक्तिक भांडण नाही. निसर्गानं निसर्गाच्या जागी असावं आणि मी माझ्या जागी, म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला असावं, इतकीच माझी मागणी आहे. खिडकीतून पाऊस मलाही आवडतो. हातात चहा असला आणि आतून कांदाभजी तळल्याचा वास येत असला, तर मीही चार ओळी गुणगुणतो. त्या कोणत्या गाण्याच्या, हे घरात कुणाला ओळखता येत नाही ही गोष्ट वेगळी. माझा विरोध आहे तो तंबूला. तंबूलाही नव्हे, चांगलं घर असताना, त्या घराला कुलूप लावून, वर पैसे मोजून, तंबूत झोपायला जाण्याला.

हे बोलायचा तुम्हाला अधिकार काय, असं कुणी विचारील. अधिकार आहे. मी बँकेत कारकून आहे. हुद्द्याला अलीकडे एक लांबलचक इंग्रजी नाव दिलंय, पण पगारपत्रक बघितलं की मी कारकूनच असल्याची खात्री पटते. गेली अठरा वर्षं लोकांच्या गृहकर्जाचे कागद माझ्या टेबलावरून जातात. दोन खोल्यांच्या छपरासाठी माणसं कसकसल्या सह्या करतात, बायकोच्या पाटल्या कधी काढतात, सासऱ्याला जामीन कसं राहायला लावतात, हे मी रोज बघतो. शिवाय मी स्वतःही कर्जदार आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या पगारातून एकोणीस हजार रुपये छपराकडे रवाना होतात. असे दोनशे चाळीस हप्ते. त्यातले एकशे बावीस झाले.

आता मला सांगा, जो माणूस दोनशे चाळीस हप्ते भरून डोक्यावर छप्पर आणतो, तोच माणूस शनिवार-रविवार जोडून आले की माणशी चौदाशे रुपये भरून ते छप्पर काढून ठेवतो. हा व्यवहार मी बी.कॉम. असूनही मला कुठल्याच बाजूला लिहिता येत नाही. जमेला लिहावा तर जमा काही झालेलं नाही. नावे लिहावा तर कुणाच्या नावे? तर माझ्या साडूच्या.

साडू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आणि पगारानं तिपटीनं मोठा. तो संगणकातलं काहीतरी करतो. आठवडाभर वातानुकूलित काचेत बसल्यामुळे त्याला शुक्रवारी संध्याकाळी निसर्गाची उचकी लागते. मला बँकेत तसल्याच काचेमागे बसून घराची लागते. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, त्यानं एक जाहिरात फोनवर पाठवली. भंडारदऱ्याला तलावाकाठी तंबू, काजवे, शेकोटी, संध्याकाळी चहा, रात्री पोटभर जेवण, सकाळी पोहे. यादीत तिसऱ्या क्रमांकावर ‘सूर्यास्त’ असं लिहिलेलं होतं. मी व्यवहारातला माणूस. सूर्यास्त चौदाशे रुपयांत धरलाय की वेगळा, एवढं मी विचारलं, तर हिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पुढचे प्रश्न मी गिळून टाकले. तारीखसुद्धा माझ्या सोयीची काढलेली होती. २४ मे, महिन्यातला चौथा शनिवार. बँकेला सुट्टी. म्हणजे पळवाट बंद.

घरात सगळ्यांनी उड्या मारल्या. आई तेवढी गप्प होती. जेवताना तिनं विचारलं, “तंबूत? आणि पैसे आपण द्यायचे?”

मुलं हसली. मीही हसलो. पण आईनं विनोद केला नव्हता.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आई दहा वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहत होती. वाडा मातीचा. सकाळी घरातून निघाली ती पाटी-दप्तरासकट, आणि परत गेली तेव्हा ज्या ठिकाणी परत जायचं ते ठिकाणच नव्हतं. आधी एका शाळेत, मग पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये तिची पुढची दोन वर्षं गेली. याबद्दल ती फारसं बोलत नाही. फक्त घरातले महत्त्वाचे कागद आजही एका पत्र्याच्या डब्यात, आणि तो डबा माळ्यावर. खालच्या कपाटात ती काहीच ठेवू देत नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, वरचाच मजला, नदी दोन मैल लांब, तरीही. तर अशा बाईला तिचा मुलगा चौदाशे रुपये भरून तंबूत झोपायला नेत होता. ती आली ती केवळ नातवंडं हट्टाला पेटली म्हणून. येताना तिनं पिशवीत एक जाड प्लॅस्टिकचा कागद, सुतळीचा गुंडा, मेणबत्त्या आणि काड्यापेटी घेतली. काड्यापेटी दोन पिशव्यांत गुंडाळलेली. साडू म्हणाला, “आई, आपण हिमालयात नाही चाललो.” आई म्हणाली, “असू दे हो.”

आता त्या आठवड्यातल्या हवेबद्दल. मान्सून हा आमच्या बँकेच्या दृष्टीनं मुदत ठेवीसारखा. केरळात १ जूनला, मुंबईत ११ जूनला, ही त्याची ठरलेली मुदत. पण त्या वर्षी महिनाभर आधीच अवकाळीनं धुमाकूळ घातलेला. पुढे जाहीर झालं, की देशात १९०१ पासून इतका ओला मे महिना झालेलाच नव्हता. त्यात कोकणासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र येऊन बसलं. रोज कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याला पिवळा नाहीतर नारिंगी इशारा. मी साडूला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, “अहो, वळीव आहे हा. तासाभरात येतो आणि जातो. उलट काजव्यांना चांगला.” आणि गंमत बघा, आम्ही निघालो त्याच शनिवारी मान्सून केरळात दाखल झाला. तोही मुदतीआधी, आम्हीही मुदतीआधी. मुदतीआधी ठेव मोडली तर आम्ही खातेदाराला दंड लावतो. इथे दंड आम्हीच भरला.

नऊ जण, दोन गाड्या. आम्ही दोघं, मुलगा, मुलगी, आई. साडू, मेहुणी आणि त्यांचे दोन मुलगे. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. वाटेत पाच वेळा पाऊस. प्रत्येक वेळी पाऊस थांबला की पुढच्या गाडीतून साडूचा हात बाहेर येऊन अंगठा वर करायचा. राजूर सोडल्यावर पाऊस थांबायचं विसरला, पण हात बाहेर येतच होता.

भंडारदरा सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. प्रवरेवरचं ते १९२६ साली पुरं झालेलं दगडी धरण, त्याच्यामागे आर्थर लेक, वर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्याहून उंच काही नाही. आम्ही पोचलो तेव्हा कळसूबाई होती असं सांगण्यात आलं. आम्हाला दिसला तो एक राखाडी पडदा. सूर्यास्तही त्याच्यामागेच झाला असावा, कारण सातच्या सुमाराला जास्त काळोख झाला. यादीतला तिसरा माल अशा रीतीनं पोचलाच नाही, पण बिल आधीच फिटलेलं.

तलावाकाठच्या उतारावर तीस-एक तंबू एका रांगेत. निळे, केशरी, पिवळे. लांबून बघितलं तर कुणीतरी वाळत घातलेले स्वेटर वाटावेत. आमच्या वाट्याला ‘चार माणसांचे’ दोन आणि ‘दोन माणसांचा’ एक. ही चार माणसं मोजणारा कोण आहे तो मला एकदा भेटायला हवा. त्यात चार माणसं मावतात हे खरं, पण एकमेकांच्या कुशीवर, आणि एकानं कूस बदलली की उरलेल्या तिघांचा ठराव घ्यावा लागतो. तंबूत उभं राहता येत नाही. बसलं तर डोकं कापडाला लागतं, आणि ओल्या कापडाला आतून डोकं लागलं की बरोबर त्याच जागेतून पाणी झिरपायला लागतं. म्हणजे पाऊस चालू असताना तंबूत माणसानं आडवंच असावं. हे सुख मला आजारपणात फुकट मिळतं.

काजव्यांचं थोडक्यात आटपतो, कारण ते आम्ही थोडक्यातच पाहिले. मेच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते लाखोंनी येतात. नर चमकतो, मादी त्याला उत्तर देते, आणि एवढ्या दोन-तीन आठवड्यांत त्यांना आपली लग्नं उरकायची असतात. काळोख हीच त्यांची लग्नपत्रिका. आठ वाजता पावसानं उसंत दिली तशी आम्ही सगळे त्या बिचाऱ्यांच्या लग्नाला गेलो. सतरा मोटारी, सतरांचे दिवे चालू. शंभर एक माणसं आणि प्रत्येकाच्या हातात फोनची बॅटरी, कारण काळोखात काजवे दिसत नाहीत असा त्यांचा समज होता. मी पाच काजवे मोजले. त्यातला एक सिगरेट निघाला. आमच्या कार्याला कुणी मंडपात शिरून नवऱ्या मुलीच्या तोंडावर बॅटरी मारली असती तर त्याला आपण अहेर दिला नसता.

साडेदहाला दिवे मालवले आणि अकराला सुरुवात झाली.

आधी वारा आला. तलावावरून, थेट, वाटेत अडवायला एक झाडसुद्धा नाही. तंबू फुगला, मग सपाट झाला, मग फुगला. म्हाताऱ्या माणसाला दम लागावा तसा. मग पाऊस. छपरावर पाऊस पडतो तेव्हा तो आपल्याला ऐकू येतो. तंबूवर पडतो तेव्हा तो आपल्याला लागतो. पाचव्या मिनिटाला वरून, दहाव्या मिनिटाला खालून. उतारावर तंबू ठोकला की त्याच्या वरच्या अंगाला वीतभर चर खणायचा असतो, म्हणजे पाणी बाजूनं निघून जातं, हे शाळेत असताना स्काउटच्या मास्तरांनी आम्हाला छडी मारून शिकवलं होतं. इथे चर नव्हता. चर खणला तर हिरवळ खराब होते आणि हिरवळ खराब झाली तर फोटो खराब येतो. तेव्हा डोंगराचं पाणी सरळ आमच्या सतरंजीखालून तलावाला भेटायला निघालं. आणि विजा. विजेच्या वेळी पक्कं घर किंवा चारी काचा बंद केलेली मोटार, या दोनच जागा धड. तंबू त्यात बसत नाही. उघड्या उतारावर जमिनीत रोवलेल्या काठ्यांखाली आम्ही नऊ जण, आणि आमच्यासारखेच शंभर एक, वीज पडायची वाट बघत आडवे होतो.

“ऊठ,” आई म्हणाली. ती चपला घालून, पदर खोचून बसलेलीच होती. झोपली होती की नाही देव जाणे. “पिशव्या राहू देत. मुलं धरा. गाड्या त्या चिखलात नकोत. वर घर आहे, मी येताना पाहून ठेवलंय.”

हे घर तंबूंच्या मागे, चढावर, दोनशे पावलांवर. येताना आमच्यातल्या कुणीही ते पाहिलं नव्हतं. आम्ही तलाव पाहत होतो. आईनं तलावाकडे बघायच्या आधी छप्पर कुठे आहे ते बघून ठेवलं होतं.

प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर धरून, विजेच्या उजेडात, शेणात आणि चिखलात पाय रोवत आम्ही वर पोचलो. दार एका बाईनं उघडलं. ओसरीवर आधीच दहा-बारा माणसं ठिबकत उभी होती. आई दारातच थांबली आणि माणसं मोजायला लागली. मग पुन्हा मोजली.

“नऊ पाहिजेत,” ती म्हणाली. “आठ आहेत.”

साडूचा धाकटा नव्हता. नऊ वर्षांचा. मेहुणीला वाटलं तो आमच्याबरोबर, आम्हाला वाटलं त्यांच्याबरोबर. साडूनं तोंडातून शब्द काढला नाही. तो वळला आणि त्या पावसात खाली धावला, त्याच्यामागे मी. आमच्या तिन्हींतले दोन तंबू आडवे झाले होते. साडू गुडघ्यांवर बसून ते ओलं कापड दोन्ही हातांनी चाचपडत होता, इकडून तिकडे, आणि त्याचं नाव घेत होता. मी उरलेला तंबू उघडला. रिकामा. तलावाच्या काठाकडे बॅटरी मारायचं माझ्या मनात आलं आणि माझा हात उचलेना. लेखाच्या या ठिकाणी काहीतरी गमतीचं यायला हवं, पण मला ते सुचत नाही.

पोरगं वरच सापडलं. नाशिकच्या एका कुटुंबातल्या गृहस्थांनी आपली तीन मुलं उचलताना अंधारात चौथं आमचं उचललं होतं, आणि ते गोठ्याच्या बाजूनं वर आले होते. गोठ्यात बसून तो त्यांचा चिवडा खात होता. मेहुणीनं आधी त्याला कवटाळलं आणि मग एक ठेवून दिली. त्या गृहस्थांचं नावही विचारायचं राहिलं.

मध्यरात्रीपर्यंत त्या ओसरीवर चाळीसच्या वर माणसं झाली. घरच्या बाईनं चुलीवर मोठ्या पातेल्यात कोरा चहा केला, गुळाचा. ती आईला म्हणाली, “बसा ना आजी, भिताडाला टेकून बसा.” आई भिंतीला टेकून बसली, तिनं वर बघितलं, आणि पहिल्यांदा डोळे मिटले. मग मीही वर बघितलं. सागाचे वासे, त्यावर कौलं, मधे दोन ठिकाणी पत्रा. एक थेंब नाही. नगर जिल्ह्याच्या त्या टोकाला पावसाळ्यात कसा पाऊस कोसळतो हे ज्यांना ठाऊक, त्यांनी बांधलेलं ते घर.

आणि त्या घरात आतल्या खोलीत एक गृहस्थ गाढ झोपले होते. कलकलाटानं त्यांना जाग आली तेव्हा कळलं, की तंबूंची जागा त्यांची. तंबू शहरातल्या कुणाचे, जाहिरात त्याचीच, चौदाशेही त्याच्याच खात्यात. जागेचं भाडं यांना. मी विचारलं, “दादा, तुम्ही कधी झोपलात हो तंबूत?” ते माझ्याकडे बघत राहिले. “मी कशाला झोपू? माझं घर हाय ना.”

वाचकहो, तंबूवाल्यांच्या बाजूनं आजवर जेवढं बोललं गेलंय, त्या सगळ्याला हे उत्तर पुरेसं आहे. यापुढे तुम्हाला कुणी निसर्गाच्या कुशीत न्यायला लागला, तर त्याला एवढंच विचारा, की तुझा जागामालक रात्री कुठे झोपतो?

पण साडू एवढ्यानं ऐकणाऱ्यांतला नव्हे. त्याचं म्हणणं, तंबू ही आपली परंपरा आहे. मावळे काय हॉटेलात उतरत होते? म्हणून मला इतिहासात शिरणं भाग आहे. या मुलुखात तंबूत सर्वांत जास्त काळ कुणी काढला असेल, तर तो औरंगजेबानं. १६८२ मध्ये दक्षिणेत उतरला तो १७०७ मध्ये ह्याच नगरला मरेपर्यंत परत गेला नाही. बहुतेक काळ छावणीत. त्याचे तंबू आमच्यापेक्षा बरे असणार. तरी १७०० साली माण नदीकाठी खवासपूरला छावणी असताना रात्री पूर आला, माणसं-जनावरं वाहून गेली, आणि पळापळीत खुद्द बादशहाचा पाय दुखावला तो जन्मभरासाठी. उरलेली वर्षं आलमगीर लंगडत चालला. आणि मावळे? मावळे पावसाळ्यात मोहिमा थांबवून घरी जात, शेतं लावत, आणि सीमोल्लंघन करत दसऱ्याला. लढाई हा ज्यांचा धंदा, त्यांनीसुद्धा चार महिने छपराखाली काढले.

त्यांचं सोडा, संन्याशांचं घ्या. घरदार सोडायचं व्रत घेतलेली माणसं. जैन साधू चातुर्मासात एका ठिकाणी राहतात. बौद्ध भिक्षू वर्षावास करतात. आम्ही येताना ज्या नारायणगावावरून आलो, त्याच्या शेजारच्या जुन्नरभोवती दोनशेच्या वर लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांतल्या कितीतरी म्हणजे नुसत्या भिक्षूंच्या राहायच्या खोल्या. दगडी ओटा, दगडी दार, आणि वर अख्खा डोंगर. ज्यांनी सर्वसंगपरित्याग केला त्यांनी संसार सोडला, बायकापोरं सोडली, छप्पर नाही सोडलं. पावसापुरतं तरी नाही.

यावर आमच्या हिचा बाण : “आणि वारकरी? ते नाही राहत तंबूत, भर आषाढात?” हा मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो मान्य करतो. वारकरी राहुटीत राहतो, भिजतो, चिखलात झोपतो. पण त्याला कुठेतरी जायचं असतं. तंबू त्याला वाटेत लागतो. त्याला कुणी म्हटलं, की बाबा, पंढरपूर नाही, विठ्ठल नाही, नुसताच लोणंदला तंबूत राहून परत ये, चौदाशे रुपये होतील. तर तो टाळ कुणाच्या डोक्यात घालील हे सांगायला नको. आणि ज्याला जायला दुसरी जागाच नसते त्याचं काय? ऊसतोडीच्या दिवसांत ह्याच संगमनेर-अकोल्याच्या रस्त्याला पाचटाच्या कोप्या दिसतात. त्यात बाया बाळंत होतात. अवकाळी आला की त्यांची ज्वारी भिजते, आमचे फोटो नाही. त्यांतल्या एखादीला जाऊन सांगा, की बाई, मी तीन खोल्यांचं घर बंद करून, पैसे भरून तुझ्यासारखा राहून आलो, फार मजा आली. मी तरी सांगणार नाही. माझ्या आईनंही तेच विचारलं होतं, आणि आम्ही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पैसे परत मागितले. व्यवस्था बघणाऱ्या पोरानं फोन लावून दिला. पलीकडचा आवाज फार गोड होता. तो म्हणाला, “सर, पावसाचे आपण वेगळे चार्जेस लावलेले नाहीत.” मी म्हटलं, सूर्यास्त मिळाला नाही. तो म्हणाला, सूर्यास्त झालेला आहे सर, तुम्ही बघितला नसेल. हवामान खात्याचा इशारा होता, मग रद्द का केलं नाही? तर म्हणे, रद्द केलं की लोक चिडतात. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मी जास्तच चिडलो. दहा तंबूंमागे एक पक्की शेड बांधा. चर खणा, हिरवळीचं काय व्हायचं ते होऊ दे. नारिंगी इशारा आला की गपचूप पैसे परत करा. ही मागणी मी तिथल्या तिथे फोनवर केली. तेवढ्यात रेंज गेली. माझा निरोप पुढे पोचला नसावा, म्हणून इथे लिहितोय. त्या बाईच्या हातावर मी पाचशे रुपये ठेवायला गेलो, तर ती म्हणाली, चहाचे कुणी पैसे घेतं का. चौदाशेंच्या त्या यादीत या चहाचा उल्लेख नव्हता.

परत येताना साडूनं गाडीतून अंगठा दाखवला नाही. आळेफाट्याला चहाला थांबलो तेव्हा त्यानं धाकट्याचा हात सोडला नाही. मला वाटलं, सुटलो. पण माणसाची आठवण म्हणजे मार्चअखेरचा ताळेबंद. बुडीत खाती मागच्या पानावर जातात आणि पुढच्या पानावर सगळं कसं चकाचक. पुढच्या शुक्रवारी एका बारशाला मी त्याला चार माणसांत सांगताना ऐकलं : “काय वादळ होतं! विजा काय, वारा काय! मुलांना असा अनुभव द्यायलाच हवा.” धाकटा शेजारी बसून पेढा खात होता. मी त्याला विचारलं, पुन्हा जायचं का रे? तो म्हणाला, “गोठ्यात जाऊ.” डिसेंबरात पवनेच्या तलावाकाठी जायचं ठरलं. मी वार्षिक तपासणीचं कारण सांगितलं. तपासणी ऑगस्टमध्येच होऊन गेली होती.

राहिलं घरी पोचल्याचं. रविवारी रात्री आम्ही कुलूप उघडलं. दुसऱ्याच दिवशी मान्सून मुंबई-पुण्यात येऊन दाखल झाला, मुंबईच्या नोंदीत आजवर कधी आला नव्हता इतक्या लवकर. पण त्याची पायधूळ आधीच झडत होती. मी कपडे न बदलता पलंगावर आडवा झालो, एकशे बावीस हप्त्यांच्या छपराकडे बघत. आणि नाकावर टपकन एक थेंब पडला. गच्चीचं काम सोसायटीनं पावसाळ्याआधी करायचं ठरवलं होतं, आणि पावसाळा आधीच आला.

साडू बॅगा वर घेऊन आला होता. तो दारात उभा राहून पोट धरून हसला. मी त्याला काही बोलणार, तेवढ्यात आईनं न्हाणीघरातून बादली आणली, पलंग हातभर सरकवायला लावला, थेंबाखाली बादली ठेवली, माळ्यावरचा डबा कोरडा आहे की नाही ते माझ्याकडून स्टुलावर चढवून बघून घेतलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन झोपली. सकाळी सात वाजेपर्यंत उठली नाही.